बक्षीस भिंतीवर, तुतारी माळ्यावर

पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीत ज्या घरानं कधीकाळी पटाचे, म्हणजे शर्यतीचे, बैल पाळले, ते घर बैठकीत पाऊल टाकताच ओळखू येतं. भिंतीला एक लाकडी फळी असते आणि फळीवर ओळीनं शिल्डा. सोनेरी मुलाम्याची धावती बैलजोडी, खाली पट्टीवर मंडळाचं नाव, साल आणि क्रमांक. शेजारी फ्रेममध्ये गुलालानं माखलेली माणसं आणि त्यांच्या मधोमध झूल पांघरलेले दोन बैल. पाहुणा दोन मिनिटं त्या फळीकडे पाहत राहिला, की घरचा कर्ता माणूस न सांगता उठतो आणि एकेक शिल्ड खाली उतरवून दाखवू लागतो.

मग विचारावं, की ही जोडी हाकताना हातात काय होतं? इथं बोलणं अडतं. तुतारी असायचीच. तुतारी म्हणजे इथं बैल हाकायची काठी, टोकाला लोखंडी आर ठोकलेली. ती कुठं आहे म्हटलं तर माळ्यावर असेल, मोडली असेल, कुणी नेली असेल. शिल्ड पुसून ठेवलेली, तुतारी बेपत्ता. चंद्रपूर-गडचिरोलीत पटाच्या आणि नाटकाच्या जुन्या वस्तू शोधत फिरणाऱ्याला हा अनुभव दारोदार येतो. खेळ बंद पडला की लोक काय जपतात आणि काय नाहीसं होऊ देतात, याचा हिशेब त्या फळीवर आणि त्या माळ्यावर मांडलेला असतो.

दिवसा पट, रात्री नाटक

शंकरपट हा धानपट्ट्याचा खेळ. दिवाळीच्या सुमारास धान कापून होतं, पुंजणी लागतात, बांध्या मोकळ्या होतात आणि माणसांच्या हाती पैसा नि वेळ दोन्ही येतं. मग गावोगावच्या मंडई सुरू होतात. लेकी-जावई येतात, सोयरे-धायरे येतात, सोयरिकीची बोलणी याच दिवसांत निघतात. पश्चिम महाराष्ट्रातल्या बैलगाडा शर्यतीला घाट लागतो, चढ लागतो; इथं सपाट, सरळ, मऊ केलेली धावपट्टी लागते. तिला दाण म्हणतात. हलका छकडा, त्याला दोन बैल आणि छकड्यावर एकटा धुरकरी. काही गावांत दोन जोड्या शेजारशेजारच्या दाणींवर सुटतात आणि जी पुढं जाईल ती जिंकते. काही ठिकाणी एकेक जोडी सुटते आणि निकाल घड्याळ देतं, सेकंदाच्या शतांशापर्यंत.

पट पाहायला आलेला माणूस संध्याकाळी परत जात नाही. रात्री नाटक असतं. कापलेल्या बांधीत मंडप, पुढं सतरंज्या, मागं खुर्च्या आणि दहा वाजता उघडलेला पडदा पहाटे मिटतो. मध्ये लावणी, विनोदी जोडी, ऑर्गन आणि तबला. दिवसाची गर्दी रात्रीच्या तिकिटावर वळायची आणि रात्रीच्या नाटकासाठी आलेला माणूस दुपारीच पटावर हजर व्हायचा. दोन्ही खेळांचं अर्थकारण एकमेकांत इतकं गुंतलेलं, की पत्रकही बहुधा एकच निघायचं: वर पट, खाली नाटक.

या जोडीतला एक भाग कायद्यानं थांबला. ११ जुलै २०११ रोजी केंद्र सरकारनं प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखाली अधिसूचना काढून, खेळासाठी शिकवण्यास आणि दाखवण्यास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैल घातला. मार्च २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं महाराष्ट्रातली बंदी उचलून धरली. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तमिळनाडूच्या जल्लिकट्टूबरोबर महाराष्ट्रातल्या शर्यतींवरच्या बंदीवरही शिक्कामोर्तब केलं. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रानं सूट दिली, ती आठवड्याच्या आत स्थगित झाली. २०१७ मध्ये राज्यानं कायदा दुरुस्त केला, त्यालाही उच्च न्यायालयात अडथळा आला. अखेर १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या.

२०१४ च्या निकालापासून २०२१ च्या परवानगीपर्यंत साडेसात वर्षं होतात. बैलाच्या आयुष्यात हा फार मोठा काळ. निकाल लागला तेव्हा ऐन भरात असलेली जोडी परवानगी मिळाली तेव्हा म्हातारी झालेली होती, नाही तर बाजारात गेलेली होती. पटाचा बैल शेतीच्या बैलापेक्षा वेगळा पोसला जातो. ढेप, डाळ, दूध असा त्याचा खर्च एरवीच्या बैलाच्या कितीतरी पट. खेळ नसेल तर तो खर्च कुणी का करावा? तोवर वाफ्यात ट्रॅक्टर शिरलाच होता. वर्धेच्या खोऱ्यातल्या गवळाऊसारख्या चपळ जातीचं विदर्भात जे कौतुक होतं, ते या धावण्यामुळे होतं. धावणं थांबलं आणि बैल गेले. उरलं ते सामान.

सामानाची झडती

सामान म्हणजे काय काय? पहिली घुंगुरमाळ. चामड्याच्या पट्ट्यावर पितळी घुंगरं ओवलेली. बंदीच्या वर्षांत ती खुंटीला राहिली आणि दोन गोष्टी घडल्या. तेल न लागल्यामुळे चामडं तडकलं आणि जिथं पितळ चामड्याला टेकतं तिथं हिरवट थर चढला. हा थर घासून चकचकीत करायचा मोह सगळ्यांनाच होतो. पण घासण्याआधी घुंगरांच्या कडा पाहाव्यात. एका अंगाला झिजलेली घुंगरं खरोखर बैलाच्या गळ्यात धावलेली असतात. सगळीकडून सारखी गुळगुळीत असतील तर माळ मिरवणुकीची. पोळ्याला बांधायची माळ आणि पटाची माळ यांतला फरक असा झिजेवरून कळतो, मालकाच्या सांगण्यावरून नव्हे.

दुसरी झूल. ती धावताना काढून ठेवतात, म्हणून ती सगळ्यात चांगल्या स्थितीत सापडते. ज्या घरात बैल विकले गेले त्या घरातही झूल लग्नाच्या कपड्यांबरोबर पेटीत ठेवलेली असते. तिच्यावर आरसे, गोंडे, कधी बैलाचं नाव भरतकामात. हे भरतकाम करणारे हात घरच्या बायकांचे. पटाच्या सगळ्या गोष्टींत बाईचा हात दिसतो तो इथं. शिल्डेवर तिचं नाव कधी नसतं. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरच्या नावाजलेल्या पटात महिला धुरकऱ्यांची शर्यत होते. पण झाडीपट्टीतल्या जुन्या वस्तूंमध्ये बाईची खूण शोधायची असेल, तर झुलेचा टाका पाहावा लागतो.

तिसरा छकडा. तो सहसा पूर्ण मिळत नाही. चाकं दुसऱ्या गाडीला गेलेली, दांडी गोठ्याच्या छपराला आडवी टाकलेली, जू अंगणात. लाकूड वाया घालवणं हे या भागाच्या रक्तात नाही. त्यामुळे छकडा शोधायचा म्हणजे घरभर विखुरलेला छकडा मनात परत जोडायचा. नेहमीच्या खासरापेक्षा किंवा पाहुण्यांच्या रेंगीपेक्षा पटाचा छकडा मुद्दाम हलका केलेला असतो. जिथं जिथं लाकूड तासून कमी केलं आहे, तिथं तिथं सुताराचा वेगाचा अंदाज वाचता येतो.

आणि चौथी तुतारी. ती नाही.

पत्रक बोलतं ते

या सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यात बोलकी वस्तू म्हणजे पत्रक. पिवळ्या, गुलाबी, हिरव्या पातळ कागदाचं. ते जपायचं म्हणून कुणी छापलेलं नसतं. पट झाला की त्यात चिवडा बांधला जातो, चूल पेटवली जाते. तरी एखाद्या पोथीच्या पुठ्ठ्यात, पेटीच्या तळाला अंथरलेलं, शाळेच्या जुन्या हजेरीपटात असं ते सापडतं. त्याच्यावर वार आणि तिथी असते, पण साल पुष्कळदा नसतं. गावाला साल माहीतच असायचं. मग ते ओळखायचं कसं?

पहिला पुरावा जिल्ह्याचं नाव. ‘जि. चांदा’ असेल तर पत्रक बहुतेक १९६४ च्या आधीचं, कारण त्या सुमारास चांद्याचं नाव चंद्रपूर झालं. आजच्या गडचिरोलीतल्या गावापुढं ‘जि. चंद्रपूर’ असेल तर २६ ऑगस्ट १९८२ च्या आधीचं, कारण त्या दिवशी गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. गोंदियाकडची जोडी ‘जि. भंडारा’ म्हणून आली असेल तर १ मे १९९९ च्या अलीकडे-पलीकडे तपासावं. लोक जुनी सवय सोडायला वेळ लावतात, तेव्हा दोन-चार वर्षांची सूट द्यावी. पण नवं नाव बदलाच्या आधी येऊ शकत नाही, ही बाजू पक्की.

दुसरा पुरावा पैशाचा. ‘नये पैसे’ छापलं असेल तर १९५७ ते १९६४ मधला काळ. तिसरा पत्त्याचा. पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. चौथा फोनचा. आधी फोनच नाही, मग एखाद्या दुकानाचा तीन आकडी नंबर, मग एसटीडी कोड आणि पुढं दहा आकडी मोबाइल. पाचवा बोटाचा. कागद उलटा करून हात फिरवावा. अक्षरं मागून उठून लागत असतील तर खिळे जुळवून, दाबून छापलेलं. सपाट असेल तर ऑफसेट. आणि सहावा, सगळ्यांत विश्वासाचा, तळाची बारीक ओळ. १८६७ च्या मुद्रणविषयक कायद्यानं छापील कागदावर मुद्रकाचं नाव आणि ठिकाण देणं सक्तीचं केलं होतं. त्या इंग्रजी अमदानीतल्या धाकामुळे झाडीतल्या पटाचं पत्रक कोणत्या गावच्या छापखान्यात निघालं ते कळतं. छापखान्यांची ही नावं नकाशावर मांडत गेलं, तर गावं कोणत्या बाजाराशी बांधलेली होती तेही उमगतं.

मजकूर तर त्याहून मोलाचा. पंचांची नावं, त्यापुढं पाटील, सरपंच, गुरुजी. वर्गणीदारांची यादी, आकड्यासह. उद्घाटक कोण आणि ‘प्रमुख उपस्थिती’त कोण, हे पाहत गेलं तर गावातली सत्ता कुणाकडून कुणाकडं सरकली त्याचा इतिहास मिळतो. बक्षिसं सुरुवातीला भांड्यांची आणि थोड्या रुपयांची, पुढं हजारांची, अलीकडे मोटारसायकलीची. शेवटी नियम: पंचांचा निर्णय अंतिम राहील, अपघातास मंडळ जबाबदार राहणार नाही. आणि २०२१ नंतरच्या पत्रकांत एक नवी ओळ येते: शासनाच्या अटी व शर्तींच्या अधीन राहून. बारीक टायपात बसवलेल्या त्या ओळीत दहा वर्षांची कोर्टकचेरी मावली आहे. २०१७ च्या दुरुस्तीनुसार शर्यतीसाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि अटी मोडल्यास पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आज पत्रक छापणाऱ्या मंडळाला हे आकडे पाठ असतात.

विकायला केलेली आठवण

बंद पडलेल्या खेळाच्या वस्तू जमवणं हा जगात मोठा छंद आहे. ‘कौन बनेगा करोडपती’ आपल्याकडं ३ जुलै २००० रोजी सुरू झालं, ते ज्या ब्रिटिश कार्यक्रमावरून, त्याच कार्यक्रमाचा एक जिवंत खेळ अमेरिकेत फ्लोरिडातल्या डिस्नेच्या उद्यानात एप्रिल २००१ मध्ये उभा राहिला. दूरचित्रवाणीवरच्या मंचाची हुबेहूब प्रतिकृती, तोच प्रकाश, तेच संगीत, प्रत्येक खुर्चीला उत्तरासाठी बटणं. सगळ्यांत झटपट बरोबर उत्तर देणारा प्रेक्षक मधल्या खुर्चीवर जायचा. पैसे नव्हते, गुण होते. मित्राला फोन करायच्या ऐवजी उद्यानात फिरणाऱ्या अनोळखी माणसाला फोन लागायचा. टप्प्याटप्प्यानं पिना, टोप्या अशी बक्षिसं आणि दहा लाख गुण गाठणाऱ्याला समुद्रसफर. कॅलिफोर्नियातला तसाच खेळ २००४ मध्ये आणि फ्लोरिडातला १९ ऑगस्ट २००६ रोजी बंद झाला. त्याच इमारतीत २००८ मध्ये दुसरं आकर्षण आलं. त्या खेळाच्या पिना आणि टोप्या मात्र अजून हातोहात फिरतात. जमवणारे पिनेची मागची बाजू तपासतात, शिक्का खरा की नकली पाहतात, कोणत्या गुणांची आहे त्यावर तिचं मोल ठरवतात.

त्या वस्तू आणि आपल्या वस्तू यांत एक मूलभूत फरक आहे. तिथं आठवण आधी तयार केली गेली, मग वाटली गेली. पिन जिंकणाऱ्यानं ती जपावी हाच तिचा उपयोग. म्हणून तिथल्या संग्रहात जिंकण्याचाच इतिहास जास्त. आपल्याकडची शिल्डसुद्धा त्याच जातीची, जपण्यासाठीच बनवलेली. पण पत्रक, घुंगुरमाळ, जू, तुतारी या वापरायच्या वस्तू. त्या उरल्या त्या योगायोगानं. जपण्यासाठी बनलेली वस्तू फक्त तेवढंच सांगते जेवढं बनवणाऱ्याला सांगायचं होतं. वापरून झिजलेली वस्तू त्याच्यापलीकडचं सांगते, आणि ते ऐकायला नेहमीच बरं वाटेल असं नाही.

वडशाचे पडदे

नाटकाच्या बाजूचं सामान शोधायला वडशाला जावं लागतं. कागदोपत्री देसाईगंज, स्टेशनवर आणि लोकांच्या तोंडी वडसा. गोंदिया-बल्लारशा मार्गावरचं हे गाव झाडीपट्टी रंगभूमीची राजधानी. नाटक मंडळ्यांची कार्यालयं इथं रांगेनं आहेत, दारावर यंदाच्या नाटकांची पोस्टरं, आत नोंदवहीत कोणत्या तारखेला कोणतं गाव. तृशांत इंगळे यांनी २०२२ मध्ये या दुनियेवर ‘झॉलीवूड’ नावाचा चित्रपट केला, तेव्हा पुण्या-मुंबईला हे गाव नव्यानं ठाऊक झालं. २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. पाच हजारांहून अधिक प्रयोग आणि आठशे भूमिका ही त्यांची ओळख सरकारी यादीतही नोंदवली गेली. विदर्भाचे दादा कोंडके म्हणून लोक त्यांना आधीपासूनच ओळखत होते.

नाटक कधी बंद पडलं नाही. करोनाच्या साथीत हंगाम बुडाला तेवढाच. पण त्याच्या आतल्या वस्तू एकामागून एक निवृत्त होत गेल्या. आधी गॅसबत्ती गेली, मग हाती रंगवलेले पडदे गेले. जंगल, महाल, रस्ता, झोपडी: चार पडद्यांत सगळी नाटकं बसायची. कापडावर खळ, त्यावर रंग, घड्या घालून न ठेवता बांबूला गुंडाळायचे. आज त्या जागी डिजिटल छपाई आली. जुना पडदा तपासायचा असेल तर मागची बाजू पाहावी. ठिगळं कुठं पडली ते दिसतं आणि ठिगळं नेमकी माणूस उभा राहतो त्या उंचीवर असतात. कुठल्या नाटकात कोण पडद्याला टेकून उभं राहायचं याचा तो मूक दाखला.

दुसरी गोष्ट प्रॉम्प्टरची वही. झाडीत नाटक उभं राहायला तालमीचे दिवस थोडे, म्हणून आडोशाला बसलेल्या माणसावर सगळी मदार. त्याच्या वहीत लेखकाचं नाटक असतं आणि त्याच्यावर प्रयोगांचं दुसरं नाटक लिहिलेलं असतं. पेन्सिलनं गाळलेली स्वगतं, वाढवलेले विनोद, गावच्या पाटलाचं नाव घालायची मोकळी जागा, लावणी कुठं घ्यायची त्याच्या खुणा. छापील पुस्तकात नाटक एकदाच लिहिलेलं असतं. या वहीत ते प्रत्येक गावात थोडं थोडं पुन्हा लिहिलेलं सापडतं. झाडीबोलीचे अभ्यासक हरिश्चंद्र बोरकर यांनी दंडार, खडी गंमत अशा इथल्या लोकप्रकारांची आणि बोलीची नोंद करण्यात आयुष्य घातलं. त्यांच्या पिढीनं शब्द वाचवले. वह्या वाचवायचं काम आपल्या वाट्याला उरलं आहे.

एटापल्लीची मुद्देमाल यादी

वडशाहून निघालेली नाटकाची गाडी गडचिरोली, चामोर्शी, आष्टी, आलापल्ली करत एटापल्लीला पोचते तेव्हा पावणेदोनशे-दोनशे किलोमीटर झालेले असतात. वाटेत जमीन बदलते. बांध्या विरळ होतात, साग आणि बांबू दाट होतो. आलापल्लीच्या डेपोत सागाचे लठ्ठ ओंडके आणि पुढं सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक. हा माडिया गोंडांचा मुलूख. इथं मराठी नाटकाचं पोस्टर बाजाराच्या भिंतीवर लागतं, पण पटाची दाण दिसत नाही. धानाच्या मोठ्या सपाट बांध्या नाहीत, बैल धावण्यासाठी पोसायची रीत नाही. इथला बाजारचा खेळ निराळा: कोंबड्यांची झुंज. कोंबडबाजार.

तो बेकायदा आहे. १९६० चा प्राणी कायदा त्याला लागतो आणि पैसे लावले जातात म्हणून १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदाही लागतो. तरी तो जंगलात, बाजाराच्या आडून भरतो आणि मधूनमधून पोलिसांची धाड पडल्याची बातमी येते. या खेळाची शिल्ड नसते, पत्रक नसतं, फोटोला कुणी उभं राहत नाही. जिंकलेला माणूस हरलेला कोंबडा घेऊन जातो आणि शिजवून खातो. मग बक्षीसही उरत नाही. म्हणजे आठवण म्हणून जपावं असं इथं काहीच नाही?

आहे, आणि ते सगळ्यांत काटेकोर नोंदीत आहे. धाडीनंतर पंचनामा होतो. त्यात एकेक वस्तू मांडली जाते: रोख रक्कम, मोटारसायकली, जिवंत कोंबडे, आणि कोंबड्यांच्या पायाला बांधायच्या लोखंडी कात्या. संख्या, वर्णन, अंदाजे किंमत, पंचांच्या सह्या. पटाच्या घरात ज्या एका वस्तूबद्दल कुणी बोलत नाही, तिचं भावंड इथं मुद्देमालाच्या यादीत नोंदवलेलं असतं. कातीचा आकार कसा, तिला दोरा कसा गुंडाळतात, पात्याला धार कुठून, हे सगळं कायद्याच्या रुक्ष भाषेत लिहिलं जातं. संग्रहालयाच्या नोंदीतही नेमकं हेच हवं असतं. फरक इतकाच, की खटला निकाली निघाला की मुद्देमालाची विल्हेवाट लागते आणि त्याबरोबर ती अभ्यासाची वस्तूही जाते.

पटाच्या घरांनी अभिमान जपला, पोलिसांनी अपराध जपला. एकाच भूभागातल्या दोन प्राणिखेळांचे हे दोन अर्धवट संग्रह. दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय चित्र पुरं होत नाही.

तुतारी का हवी

मला तुतारी हवी आहे ती मालकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायला नव्हे. २०१४ च्या निकालात न्यायालयानं जे म्हटलं त्यातला एक मुद्दा शरीररचनेचा होता: बैल हे ओढकामाचं जनावर आहे, घोड्यासारखं शर्यतीचं नाही, ते धावतं ते भीतीनं आणि वेदनेनं. शेपटी पिरगळणं, मारणं, टोचणं यांची वर्णनं त्या निकालात आहेत. पटाची बाजू मांडणारे म्हणतात, की आमचा बैल प्रेमानं पोसलेला, आवाजावर पळणारा. टोचणारे थोडे आणि आता तेही नाहीत. यातलं खरं काय, हे वादानं ठरत नाही. पण काठी पाहून काही ठरतं. आरेची लांबी किती? ती बोथट केलेली आहे का? काठीचं कोणतं टोक हातानं गुळगुळीत झालं आहे आणि कोणतं नाही? एकाच घरातल्या जुन्या नि नव्या तुतारीत आर आखूड होत गेली का, नाहीशी झाली का? झाली असेल तर तो बदल पटाच्या बाजूचा सगळ्यांत भक्कम पुरावा ठरेल, कुठल्याही शिल्डेपेक्षा भक्कम. ती लपवणारा स्वतःच्याच बाजूचा साक्षीदार लपवतो आहे.

आज नव्या नियमांत काठी, चाबूक, शॉक काहीही चालत नाही. म्हणजे तुतारी ही आता खरोखर निवृत्त झालेली वस्तू आहे. नेमक्या याच क्षणी ती जमवता येते. आणखी पंधरा वर्षांनी, ती कधी वापरलीच नव्हती असं प्रत्येक घर मनापासून सांगेल, आणि तसं मानणारी पिढीच तेव्हा हयात असेल.

जमवायचं कुणी? नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय १८६३ पासून आहे. तिथं शिलालेख, नाणी, आदिवासी जीवनाच्या वस्तू आहेत. पण कालपरवाचा, चुलीत जाणारा कागद तिथवर पोचत नाही. गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ २०११ मध्ये सुरू झालं. चंद्रपूर आणि गडचिरोली हेच त्याचं कार्यक्षेत्र आणि गावोगावची मुलं तिथं शिकतात. त्या मुलांच्या घरी ही सामग्री पडून आहे. इतकी चांगली जुळणी दुसरी नाही.

काम खर्चाचं नाही, शिस्तीचं आहे. पत्रकाला लॅमिनेशन करायचं नाही. उष्णतेनं आणि गोंदानं ते कायमचं मरतं. चिकटपट्टी लावायची नाही. काही वर्षांत तिचा डाग कागदात उतरतो. स्वस्त कागदात लाकडातलं लिग्निन असतं, ते उजेडात पिवळं पडतं आणि कागद कुरकुरीत होतो, म्हणून अंधारात, आम्ल नसलेल्या पाकिटात, जमिनीपासून वर. वाळवीच्या मुलखात हे ‘वर’ महत्त्वाचं. पडदा गुंडाळून, घडी न घालता. चामड्याला तेल देण्याआधी फोटो. मागच्या बाजूचाही फोटो. आणि प्रत्येक वस्तूबरोबर चार ओळी: कुठल्या गावची, कुणाच्या हातातली, कोणत्या हंगामातली, काय म्हणून दिली. देणाऱ्याचं नाव जाहीर करायचं की नाही हे देणाऱ्यानं ठरवावं. तुतारीच्या बाबतीत तर हे आधीच लेखी द्यावं लागेल, नाही तर ती माळ्यावरून खाली येणार नाही.

यंदाच्या मंडईसाठी मंडळांनी एवढंच करावं. पत्रकाच्या पाच प्रती छापखान्यातूनच बाजूला काढाव्यात. नाटक संपल्यावर जमाखर्चाचा कागद फाडू नये: मंडप किती, कंपनीला किती, तिकिटं किती खपली, तूट कुणी भरली. घड्याळ लावलं असेल तर वेळेची वही ठेवावी, हरलेल्या जोड्यांसकट. हरलेल्यांची नोंद कुणी ठेवत नाही, आणि पटात नेहमी जिंकणाऱ्यांपेक्षा हरणारेच जास्त असतात. शिल्डा भिंतीवर आहेतच, त्यांची काळजी करायला नको. काळजी करायची ती हिशेबाच्या कागदाची, प्रॉम्प्टरच्या वहीची आणि त्या काठीची. आपला खेळ चांगला होता असं ज्यांना खरंच वाटतं, त्यांनी या तीन वस्तू सगळ्यांत आधी आणून द्याव्यात.